पैठणीची उलटी बाजू

सरदार उंबरखेडकरांना रेशमातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच ते भर दरबारात रेशमावर तासन्‌तास बोलत. त्यांच्या लेकीच्या लग्नाची पैठणी घेऊन भागूबाई साळीण आली आणि तिनं मोरांचा पदर उलगडून धरला. सरदारांनी नाक मुरडलं.

"ही उलटी बाजू! हे मोर कसले, कोंबड्या दिसताहेत. सुलटी बाजू दाखव, नाहीतर तुझा माग जप्त!"

वर्षभर खपून विणलेल्या पदराकडे भागूबाईनं एकदा पाहिलं. "सरकारांनी क्षणभर डोळे मिटावेत."

सरदारांनी मिटले. भागूबाईनं पदर नुसता झटकला आणि होता तसाच पुन्हा धरला. दरबाऱ्यांनी हसू दाबायला तोंडात उपरणी कोंबली.

सरदारांनी डोळे उघडले. "वा! याला म्हणतात सुलटी बाजू! आता कसे मोर नाचायला लागले!"

"सरकार, मी पदर उलटवलाच नाही," भागूबाई म्हणाली. "खऱ्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच असतो. फक्त आता पुन्हा डोळे मिटू नका, नाहीतर मोरांच्या परत कोंबड्या व्हायच्या!"