चिंधूचं पाणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मी ज्यांच्याकडून ऐकली, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एवढं खरं, की तेव्हा आमच्या डोंगराच्या वाटांना माणसाचे आणि गुरांचे पाय तेवढे ठाऊक होते, चाक ठाऊक नव्हतं. डोंगराच्या कुशीत सादडवाडी होती, आजही आहे. आणि सादडवाडीत ठकू होती.

ठकू पाणी शोधायची. तिचा बाप पाणाड्या होता, त्याच्याकडून तिनं ते उचललं होतं. बाकीचे पाणाडे काय करतात? हातात फांदी धरतात, डोळे मिटतात, चार माणसं भोवती जमवतात. ठकूचं तसं काही नव्हतं. ती उंबर कुठं आहे बघायची, वारूळ बघायची, खेकड्याची बिळं बघायची. मग वैशाखाच्या शेवटी, ऊन चढायच्या आधी, जमिनीवर आडवी व्हायची आणि गाल मातीला लावायची. कुठल्या मातीखाली गारवा आहे ते तिच्या गालाला कळायचं. बायका तिची चेष्टा करायच्या, "ठकू नवऱ्याशी बोलत न्हाई तेवढं भुईशी बोलती!" ठकू हसायची आणि गालाची माती पुसायची.

पावसाळ्यात कुणी बोलवायला आलं तर ती जायची नाही. म्हणायची, "पावसाळ्यात बैलाच्या खुरातबी पानी आसतं. वैशाखात या." आणि झरा सापडला, तरी लगेच होकार द्यायची नाही. आधी पाणी निवळू द्यायची. मग घराघरातून मूठमूठ डाळ आणवायची आणि त्या पाण्यात शिजत घालायची. डाळ मऊ झाली तर पाणी गोड, तिथं वस्ती करा. डाळ टणक राहिली तर ते पाणी गुरांना, माणसांना नाही. मग पहिली ओंजळ ठकू प्यायची, कारण पहिली ओंजळ पाणी शोधणाराची, ही रीतच होती. तिच्या आधी कुणी थेंब तोंडात घेत नसे. ती जिथं गाल टेकायची तिथं जमीन आतून उसासा टाकायची, आणि ती रानातून जाताना वाघ वाट सोडून बसायचा, असं म्हणतात.

जगाला पाणी देणाऱ्या त्या बाईच्या घरात मात्र पाळणा हलत नव्हता. हलला तरी टिकत नव्हता. मुलं व्हायची आणि जायची. शेवटी एक मुलगा झाला, त्याचं नाव तिनं चिंधू ठेवलं. नावच असं ठेवलं, की यमानं ऐकलं तरी त्याला वाटावं, हे काय न्यायचं? चिंधू रांगला, धरून धरून उभा राहिला, पायांतले वाळे वाजवत अंगणभर फिरला. ठकू जमिनीला गाल लावायची, तेव्हा तोही शेजारी पालथा पडून गाल लावायचा. आणि मग एका वैशाखात त्याला ताप आला. अंगाची नुसती भट्टी झाली. ठकू ओली फडकी बदलत राहिली, पण चिंधू गेला.

लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. ठकूचा नवरा बुधा, फार बोलणारा गडी नव्हता. तो पोराला घेऊन नेहमीच्या जागी निघाला, जिथं त्यांची आधीची लेकरं होती. तिथं पोचल्यावर ठकूनं जमिनीला हात लावला. खडक तापलेला होता.

"हितं नगं," ती म्हणाली. "लई भाजलंय माझं पोर. गार जागा बघू."

मग तिनं पोराला खांद्यावर घेतलं आणि ती डोंगरभर फिरली. थांबायची, वाकायची, गाल लावायची, उठायची. कड्याच्या पायथ्याशी एक कोवळा उंबर होता, तिथं ती थांबली आणि उठलीच नाही. "हितं," एवढंच म्हणाली. बुधानं खणलं. भर वैशाखात त्याच्या हाताला ओली माती चिकटली. त्यानं हाताकडं पाहिलं, मग ठकूकडं पाहिलं. ठकूनंही पाहिलं. मग दोघांनी पोराला त्या ओलीत ठेवलं आणि माती सारखी केली. खाली पाणी होतं, पण गावाला तेव्हा पाण्याची ददात नव्हती.

गावाचा झरा होता तो थोरला झरा. खडकाच्या फटीतून यायचा आणि चिकण मातीच्या थरावर साठायचा. तो मातीचा थर म्हणजेच त्याचं बूड. पुढं काही वर्षांनी पाऊस कमी झाला आणि थोरला झरा बारीक झाला. ठकू तेव्हा दूरच्या गावाला पाणी बघायला गेली होती. ती असती तर पुढचं घडलं नसतं. पण घाईला डोळे नसतात. गावाचा म्होरक्या कोंडाजी नाईक, मनानं चांगला, पण तापट आणि उतावळा. तो म्हणाला, "झऱ्याचं त्वांड बारीक झालंय. मोठं करू." गडी जमले, पहारी घेतल्या आणि दिवसभर घाव घातले.

संध्याकाळी पाणी भसाभसा आलं. गाव नाचलं. बैल धुतले, पोरं डुंबली, कोंडाजीच्या नावानं आरोळ्या झाल्या. सकाळी येऊन बघतात तर झरा कोरडा. पहारीनं चिकण माती फुटली होती आणि साठलेलं सगळं पाणी एका रात्रीत खाली, कुठं पाताळात निघून गेलं होतं.

ठकू परत आली. तिनं खड्ड्यात हात घातला, तो कोपरापर्यंत कोरडाच बाहेर आला. ती रागावली नाही. आजाऱ्याजवळ बसावं तशी खड्ड्याच्या काठाशी बसली.

"बूड फोडलंत रं त्याचं," ती म्हणाली.

कोंडाजीनं पागोटं काढून तिच्या पायांशी ठेवलं. "ठकू, दुसरं पानी बघ."

ठकूनं डोंगर पालथा घातला. गालाची साल निघाली, तरी ती गाल लावत राहिली. इथं नाही, तिथं नाही. तोवर गाव डोंगरापलीकडच्या एका गढूळ डबक्यावर जगत होतं, तेही आटत आलं होतं. एक जागा मात्र ती टाळायची. कड्याच्या पायथ्याकडं तिचं पाऊल वळायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावाला दिसत नव्हतं का? दिसत होतं. सगळा डोंगर करपला होता आणि तो एक उंबर हिरवागार होता. ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण लेकराच्या मातीकडं बोट कोण दाखवणार? गडीमाणसं त्या बाजूला बघायचीच नाहीत. एकदा कुणीतरी कोंडाजीजवळ विषय काढला, तर तो तापट माणूस खाली बघून म्हणाला, "एक पानी आपुन मारलं. आता दुसरं मागायचं कंच्या तोंडानं?" आणि त्यानं गाव हलवायचं ठरवलं. असं गाव होतं ते. चूक करणारं होतं, पण निलाजरं नव्हतं.

निघायचा दिवस आला. गाव सोडताना चुलीवर पाणी शिंपून ती शांत करायची असते. पाणी कुठलं? बायकांनी चुलींवर राख ओढली आणि तशाच नमस्कार करून बाहेर आल्या. ठकू उंबऱ्यावर बसून होती. तिचं गाठोडं बांधलेलं नव्हतं. गावाबरोबर जावं, तर चिंधू या ओसाड डोंगरावर एकटा राहणार. गावाला ठेवून घ्यावं, तर चिंधूला उठवावं लागणार. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं होतं.

शेजारची साळू तिचा निरोप घ्यायला आली. साळू ओली बाळंतीण होती, अंगावरचं दूध आटलेलं. तिनं आपलं तान्हं ठकूच्या मांडीवर ठेवलं. "हात फिरव गं याच्यावरनं. वाटंत काय व्हईल, काय ठावं."

तान्हं रडत होतं. ठकूनं त्याच्या गालाला बोट लावलं, मग डोळ्यांना लावलं. बोट कोरडंच राहिलं. जन्मभर तिनं जमिनीचं पाणी तपासलं होतं. लेकराच्या डोळ्यांतलं पाणी संपलेलं तिनं एकदाच पाहिलं होतं, आपल्याच मांडीवर. तिनं बाळ साळूच्या हातात दिलं आणि ती उठली.

"बुधा," तिनं हाक मारली. बायकोनं नवऱ्याला नावानं हाक मारायची तेव्हा पद्धत नव्हती, पण तिनं मारली. "चल. पोराला उठवू."

बुधानं पहारीकडं पाहिलं. ठकूनं मान हलवली. "लोखंड नगं. झोपलंय ते."

सादड्याच्या लाकडाचे खुंट घेऊन दोघांनी माती उकरली. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळं गाव पाठ फिरवून उभं राहिलं. मातीत काय उरलं होतं, ते ठकू जाणे आणि बुधा जाणे. गावानं ऐकला तो फक्त वाळ्यांचा आवाज, एकदाच, बारीक. त्या क्षणी उंबराची सगळी पानं एकदम गळाली आणि डोंगरावरचं एकही पाखरू सांजेपर्यंत बोललं नाही, असं म्हणतात. ठकूनं चिंधूला पदरात बांधलं. ती उठली आणि तिच्या पावलांखालची माती काळी झाली. आधी ओल आली, मग घामाचे असावेत तसे थेंब, आणि दुपारी करंगळीएवढी धार लागली. पाणी उसळत आलं नाही. हळूच आलं.

कोंडाजी नाईक धाय मोकलून रडला. त्यानं आपली पहार दरीत भिरकावली. ती खाली पडल्याचा आवाज अजून कुणी ऐकलेला नाही, असं म्हणतात.

ठकू चिंधूला घेऊन कड्याच्या वर चढली. वरच्या रानात, जिथला पाऊस मुरून या झऱ्याला येतो, तिथं सावली बघून तिनं त्याला पुन्हा ठेवलं. खाली आल्यावर ती कोंडाजीला म्हणाली, "वरलं झाड तोडाल तर खालचं पानी जाईल. आन् माझं पोर उन्हात पडंल." त्या दिवसापासून त्या रानाला कुऱ्हाड लागली नाही.

पाणी निवळलं. घराघरातून मूठमूठ डाळ आली. झऱ्याच्या काठी चूल मांडली आणि डाळ शिजली, लोण्यासारखी मऊ झाली. गाव ताटकळत उभं होतं, घसे सुकलेले, पण रीत ती रीत. पहिली ओंजळ ठकूची. ठकूनं ओंजळ भरली. तोंडाजवळ नेली. बराच वेळ तिनं पाण्याकडं पाहिलं. मग वळली आणि साळूच्या तान्ह्याच्या ओठांवर तिनं ते पाणी थेंब थेंब सोडलं. बाळानं चोखलं, मिटक्या मारल्या.

"ग्वाड हाय," ठकू म्हणाली. "प्या समदे."

गाव प्यायलं. ठकू प्यायली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. डोंगराच्या पलीकडं ते गढूळ डबकं होतं, तिथून ती आपलं मडकं भरून आणायची. बायका हातापाया पडल्या, बुधानं पहिल्यांदाच आवाज चढवला, कोंडाजीनं शपथ घातली. ती म्हणायची, "तुमी प्या गं. मला तहान न्हाई." आता तुम्हीच सांगा, लेकराचं अंथरूण काढून मिळालेलं पाणी आईच्या घशाखाली कसं उतरावं?

बुधा गेला, कोंडाजी गेला, साळूचा मुलगा बाप झाला. ठकू म्हातारी झाली, सगळ्यांची ठकूमाय झाली. एका वैशाखाच्या अखेरीला ती पहाटे झऱ्यावर आली. काठच्या कातळावर आडवी झाली आणि तिनं गाल टेकवला. बायका पाण्याला आल्या, तेव्हा ती तशीच होती. झोपेतलं पोर जागं होऊ नये म्हणून आई पडून राहते, तशी. तिच्या गालाखालचा कातळ तेवढ्या वेळात खोलगट झाला होता, असं म्हणतात. मी तो खळगा पाहिला आहे. गालाएवढा आहे, एका बाजूनं उतरता, आणि भर उन्हात हात लावला तरी गार लागतो.

त्या झऱ्याला चिंधूचं पाणी म्हणतात. तिथं आजही कुणी लोखंडी हत्यार नेत नाही. गाळ काढायचा तो लाकडानं आणि हातानं. हल्ली घरोघरी स्टीलचे हंडे आले, तर बायका हंड्याच्या बुडाला फडकं बांधून नेतात, कातळावर आवाज होऊ नये म्हणून. भांडखोर सासवा-सुनाही तिथं हळू बोलतात. एखाद्या पोरानं आरोळी ठोकली, तर लगेच कुणीतरी ओठांवर बोट ठेवतं, "हळू. चिंधू झोपलाय."

आणि वैशाखाच्या अखेरीला घराघरातून डाळ येते, झऱ्यावर शिजते. सगळे थांबतात. गावात ज्या बाईच्या मांडीवर सगळ्यांत लहान मूल असेल, ती पहिली ओंजळ भरते आणि त्या खळग्यात सोडते. हळू आवाजात म्हणते, "ठकूमाय, आता तरी पी."

पाणी खळग्यात जरा थांबतं. मग एका कडेनं ओघळतं आणि पुन्हा झऱ्याला मिळतं.

"बरं माय," ती म्हणते, "पुढल्या साली पुन्यांदा इचारू." आणि मगच गाव पाणी पितं.