थोरल्याची वळलेली वादी

समोर कातळावर मांडलेल्या या डमामाला, म्हणजे या मोठ्या ढोलाला, आम्ही थोरला म्हणतो. लाकडाचं पोकळ खोड, दोन्ही तोंडांना कातडं, आणि या तोंडापासून त्या तोंडापर्यंत चामड्याच्या आठ वाद्या वेणीसारख्या विणत नेलेल्या. सात वाद्या सरळ जातात. आठवी मध्येच वळते, पुरीएवढी जागा सोडते आणि पुन्हा आपल्या ओळीत येते. पाहुण्यांपैकी कुणीतरी दरवर्षी विचारतंच, खाला, ही वादी सरकली आहे का? सरकलेली नाही. बसा, सांगते. मला रोशनखाला म्हणतात आणि हबशीमाळावर ही गोष्ट सांगायचा मान माझा. तो कुणी दिला नाही, मीच घेतलाय.

आम्ही सिद्दी. आमचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून आले. कुणी शिपाई होऊन आला, कुणी खलाशी होऊन, कुणाला विकून आणलं. येताना सामान असं काही नव्हतं. ताल आणला, आणि केस विणायची रीत आणली. आमचे केस दाट नि कुरळे. तुमच्यासारखं तेल लावून चापायला गेलं तर तेल संपतं, केस बसत नाहीत. म्हणून टाळूला लागून बारीक वेण्यांच्या ओळी घालायच्या. आठ ओळींची वेणी ही सगळ्यांत मोठी. सकाळी बसलेली पोर दुपार कलल्यावर उठायची.

पण एक काळ असा आला म्हणे, की खाडीपलीकडच्या बाजारात लोक या वेण्यांना हसू लागले. आमच्या बायकाही खुळ्या. हसणाऱ्यांना दोन शब्द सुनवायचे सोडून त्यांनी वेण्या सोडल्या आणि ओढण्या पुढे ओढल्या. एकट्या खैरूबीने रीत सोडली नाही. ती आपल्या नातीला, जमीलाला, दर महिन्याला समोर बसवून आठ ओळी घालायची. जमीला लहानपणी चुलीवर पडली होती. डाव्या कानाच्या वर तिचं टाळकं भाजलेलं होतं, तिथे केस उगवत नसत. खैरूबीची आठवी ओळ त्या जागेला वळसा घालून जायची. पोर हलली की म्हातारी म्हणायची, "थोरल्यासारखी बस." लोकांना वाटे, गंमत करते.

जमीलाचं भाजलेलं डोकं आजीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. सोळा वर्षांची झाली तरी ओढणी तिच्या डोक्यावरून कधी ढळली नाही.

एका वर्षी उरसाच्या आधी थोरला पलीकडच्या गावी लग्नाला नेला. परतताना वाऱ्याने होडी उलटली. माणसं पोहून आली. थोरल्याचं खोड तिसऱ्या दिवशी चिखलात सापडलं, पण कातडी नि वाद्या गेलेल्या. आता खरी पंचाईत झाली. आमच्याकडे वाद्या बदलायच्या त्या एकेक करून. जुनी निघाली की तिच्याच वाटेने नवी ओवायची. आठही एकदम कधी काढल्याच नव्हत्या, त्यामुळे सगळी वीण सुरुवातीपासून कशी घालायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मर्जान हा थोरल्याचा वाजवणारा, त्याच्या बापाला ठाऊक नव्हतं आणि आज्यालाही नव्हतं. चालत्या गाड्याला कोण खीळ घालून बघतो?

मर्जानने कातडी चढवली आणि सुचेल तशा वाद्या ओढल्या. थोरला रिकाम्या पिंपासारखा वाजला. उरूस चार दिवसांवर आलेला. थोरल्याशिवाय पोराचं नाव ठेवत नसत, लग्न लावत नसत. किल्लेदाराच्या कारभाऱ्याने निरोप धाडला, आमचा नगारा घेऊन जा, काय फरक पडतो. मर्जानने त्या निरोप्याला जेवायला घालून परत पाठवलं. पण माळावर अकरा घरं, त्यांतल्या चौघांनी बोलून दाखवलं की थोरला उठला नाही तर आता पोटामागे जिकडे वाट फुटेल तिकडे जाऊ. एकाने तर भांडी बांधूनही ठेवली होती.

त्याच दिवसांत जमीलाच्या घरात वेगळंच दुःख होतं. खैरूबी वारून एकोणीस दिवस झाले होते. तिच्या हातची शेवटची वेणी जमीलाच्या डोक्यावर होती. शेजारणी म्हणत, केस धू, खाज सुटेल. ती ऐकत नव्हती. आजीची बोटं एवढीच उरलीत, असं ती म्हणायची, आणि मला विचाराल तर बरोबरच होतं तिचं.

पाणी भरायला जाताना ती या कातळाजवळ थांबली. मर्जान वाद्या ओढत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता. जमीलाचा हात आपसूक ओढणीखाली गेला. बोटं ओळीवरून फिरली आणि 'थोरल्यासारखी बस' याचा अर्थ तिला तिथे उभ्याउभ्या कळला. आजी गंमत करत नव्हती. डोक्यावर आणि डमामावर वीण एकच होती.

ती घरी गेली, घागर ठेवली. ते डोकं चारचौघांत उघडं करायचं, कुणालाही भीती वाटेल अशीच गोष्ट होती. दुपारी ती परत आली तेव्हा माळावरची सगळी माणसं इथे जमली होती. तिने त्यांच्यासमोर ओढणी काढली.

भाजलेली जागा सगळ्यांनी पाहिली. एक बाई पटकन दुसरीकडे बघायला लागली. जमीला मर्जानसमोर पाठमोरी बसली.

मर्जानने वेणी पाहिली, वादी पाहिली, पुन्हा वेणी पाहिली. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तो म्हणाला, "पोरी, वरून दिसते, पण आतून कुठून जाते ते उलगडल्याशिवाय कळायचं नाही. आणि ही तर खैरूबीच्या हातची."

असं सांगतात की जमीला खूप रडली. सगळ्यांदेखत, तोंडही न झाकता. मग म्हणाली, "उलगडा. पण नानीने जेवढा वेळ घेतला तेवढा घ्या."

मर्जानची बायको केस सोडू लागली आणि मर्जान वादी ओवू लागला. डोक्यावरची एक ओळ सुटायची, खोडावर एक बसायची. पहिली, दुसरी, तिसरी. ज्या बायकांनी वेण्या सोडल्या होत्या त्या जवळ सरकून बघत होत्या. ऊन उतरलं तेव्हा जमीलाचे सगळे केस मोकळे होते आणि थोरला बांधून झाला होता.

जमीलाने वळून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. म्हणाली, चाचा, शेवटची वादी चुकली. तो वळसा विणीतला नाही, तिथे माझं भाजलंय म्हणून नानी वळून जायची. मर्जान बिचारा ओशाळला. सरळ करतो म्हणून त्याने गाठ सोडायला घेतली, तर जमीलाने त्याचा हात धरला.

"राहू दे. नानी वळली ती जागा आहे."

मग थोरला वाजला. म्हणे, त्या आवाजाने खाडीचं पाणी थांबलं आणि पलीकडे दिलेल्या आमच्या लेकी चालत माळावर आल्या. मी म्हणते, ओहोटी असेल. पण लेकी आल्या हे खरं, आणि बांधलेली भांडी सुटली हेही खरं. जमीलाने त्यानंतर डोकं लपवलं नाही. थोरला समोर ठेवून ती वीण शिकली आणि माळावरच्या एकेका मुलीला तिने आठ ओळी घातल्या, वळशासकट.

आजही उरसाच्या आदल्या दिवशी थोरल्याच्या आठही वाद्या काढतात. एक मुलगी या कातळावर बसते, तिची एकेक ओळ सोडत नव्या वाद्या बांधतात, आणि मग थोरला पाहून तिचे केस पुन्हा विणतात. डोक्याला काही झालेलं नसतं, तरी आठवी ओळ वळून जाते. माझी नात पुण्याला नोकरी करते. तिथे कुणीतरी तिला म्हणालं, तुझी एक वेणी वाकडी गेलीय. ती म्हणाली, "वाकडी नाही. तिथे आमची जमीला आहे."

या वर्षी कातळावर तीच बसणार आहे. सकाळच्या गाडीने आलीय. जरा सरकून बसा, तिला वाट द्या.