कोरड्या रस्त्यावरचे पन्नास किलोमीटर

चूक मेंगडे अण्णांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं त्यांच्या पांढऱ्या मिश्या आणि ती शांतता बघून माणूस विरघळतो.

"बर्फाची टायरं डांबरावर चालवू? कशाला?"

ओजस भामरेनं हे दुसऱ्यांदा विचारलं.

अण्णांनी मांडीवरच्या नव्या टायरात शेवटचा खिळा दाबून बसवला. अंगठा फिरवून पाहिला. टायर त्याच्यापुढं टाकलं.

"रोज पाच किलोमीटर. दहा दिवस. हळू. ब्रेक कचकन दाबायचा नाही."

"पण कशाला?"

"चालव."

अण्णा मूळचे मावळातले. फौजेतून निवृत्त झाले आणि लडाखातच राहिले, सायकली दुरुस्त करत. हिवाळ्यात वरच्या वाडीचा रस्ता गोठून काचेसारखा होतो, गाड्या बंद पडतात. मग अकरा घरांची औषधं आणि टपाल अण्णाच सायकलवरून पोचवायचे. बर्फात रुतणाऱ्या पोलादी खिळ्यांची टायरं स्वतः बनवायचे. बावीस हिवाळ्यांत एकदाही पडले नव्हते.

आता गुडघे गेले होते. फेरी कुणाला तरी सोपवायची होती.

ती ओजसला हवी होती. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून तो धुळ्याहून एवढ्यासाठीच आला होता. "जा, आणि येऊ नको," असं बाप म्हणाला होता. फेरी मिळाली नाही, तर तोंड घेऊन जायला जागा नव्हती.

पहिल्या दिवशी तो गावच्या कोरड्या डांबरी रस्त्यावरून निघाला. टायरं करकर वाजत होती. चहावाला सोनम दुकानातून ओरडला,

"मास्तर, बर्फ त्या बाजूला आहे!"

दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं करकर आवाज काढत मागं धावली.

तिसऱ्या दिवशी त्यानं सायकल भिंतीला टेकवली.

त्याला सगळं कळलं होतं. म्हाताऱ्याला त्याचा अहंकार मोडायचा होता! ही गुरू लोकांची जुनी खोड. दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं असलं तरी ते सांगायचे नाहीत. गप्प बसायचे, आणि समोरच्यानं त्या गप्प बसण्यात खोल अर्थ धुंडाळायचा. कॉलेजातही हेच चालायचं. फरक इतकाच की तिथं मौनाऐवजी फळा होता.

"असली नाटकं आपल्यापाशी नाही चालायची," तो स्वतःशीच म्हणाला.

दहाव्या दिवशी अण्णांनी विचारलं,

"झाले पन्नास?"

"झाले."

झाले होते दहा.

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं...

"ठीक."

एवढंच. टायर उलटं करून बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. बघितलं नाही. शिष्याच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणे. विश्वास कसला, आळस तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या पद्मा आजींची दम्याची औषधं आली. ओजसनं पिशवी पाठीला लावली.

बर्फावर पहिला किलोमीटर स्वर्ग होता. टायर कुठंच घसरत नव्हतं. खालून आवाज येत होता, टिक्... टिक्... टिक्... खिळे बर्फाला चावतायत, असं त्याला वाटलं.

खिळे निघून पडत होते.

वळणावर पुढचं चाक सटकलं. सायकल एकीकडं, तो दुसरीकडं. घसरत घसरत थेट रस्त्यालगतच्या नदीच्या कडेला. तिथला पातळ बर्फ फुटला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. बोटांखाली धरायला काही नव्हतं. काच नुसती.

"अण्णा!"

का ओरडला, त्यालाही ठाऊक नाही. अण्णा तर घरी होते.

पण थोड्या वेळानं कुणीतरी कॉलर पकडली.

अण्णा मागून चालत आले होते, ते तसले गुडघे घेऊन. का आले, तेही त्यांनी कधी सांगितलं नाही. बर्फावर पालथे पडून त्यांनी उजव्या हातानं त्याला धरलं. ओला हातमोजा सरकायला लागला. तो त्यांनी दातांनी ओढून काढला आणि उघड्या हातानं पुन्हा धरलं.

"अण्णा, सोडा... तुम्हीपण जाल."

"गप."

ओरडा ऐकून वाडीतली माणसं दोर घेऊन पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. औषधं पद्मा आजींना मिळाली, ती त्या माणसांच्या हातून.

ओजस चार दिवसांत उभा राहिला. अण्णांना लेहच्या इस्पितळात हलवलं. दीड महिन्यानं ते घरी आले, तेव्हा उजवा हात पांढऱ्या पट्टीत होता.

ओजस दारात उभा राहिला. आत जायची हिंमत होईना.

"ये, भामरे."

अण्णांनी डाव्या हातानं कोटाचा खिसा उलटा केला. घोंगडीवर खिळे सांडले. सतरा. त्या दिवशी रस्त्यावरून वेचत आले होते.

मग कोपऱ्याकडं हनुवटी केली. तिथं दोन टायरं होती. एक ओजसचं, एक अण्णांचं जुनं.

"उपट."

ओजसनं आपल्या टायरातला खिळा चिमटीत धरला. शेंगेतून दाणा यावा तसा हातात आला.

जुन्या टायराला हात घातला. हलेना. पक्कड लावली. पक्कड घसरली, खिळा जागचा हलला नाही.

"हे... डांबरावर चालवून?"

अण्णांनी मान डोलावली.

"नवा खिळा कडक रस्त्यावर हळूहळू दाबला गेला की रबर त्याला धरतं. एवढंच?" ओजसनं विचारलं.

"एवढंच."

खोटं आपण बोललो होतो, हे ओजसला ठाऊक होतं. म्हणूनच आवाज जास्त चढला.

"एवढंच होतं तर सांगितलं का नाही? मला वाटलं, तुम्ही माझा माज उतरवताय! तीनदा विचारलं मी, अण्णा. तीनदा! सांगितलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

अण्णा गप्प राहिले...

ओजस थांबला. या वेळी तो अर्थ शोधत नव्हता. उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हता.

अण्णांनी पट्टी सोडायला घेतली. एका हातानं, दात लावून. ओजस पुढं झाला, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. शेवटचा वेढा खाली पडला.

"सांगितलं असतं तर काहीच नाही," अण्णा म्हणाले. "नाही सांगितलं, त्याची तीन बोटं गेली."