दोन काठांचे ऊनधोंडे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा काडेपेटी नव्हती. ज्याच्या चुलीतला विस्तव विझे, तो सकाळी शेजारी जाऊन मागून आणी.

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दोन्ही गावांची रीत एकच होती. विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, आणि शेजाऱ्याच्या चुलीतले निखारे मोजायचे नाहीत. दुसऱ्याच्या चुलीत डोकावणं म्हणजे अगदीच हलकेपणा, असं दोन्हीकडची म्हातारी माणसं सांगत. रीत चांगलीच होती. पुढे तिच्यातूनच घोटाळा झाला, ही गोष्ट वेगळी.

अलीकडच्या गावात एक कुंभारीण राहायची. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी पलीकडच्या गावात दिलेली. बाई मोठी चौकस. मडक्यात तोंड घालून बोललं की आवाज जाड का होतो, एवढ्या उंचावरून पडूनही मुंगीला लागत कसं नाही, असले प्रश्न तिला केस पिकल्यावरही पडत.

एकदा ती माती खणायला डोंगराकडे गेली. टोपली भरताना तिच्या हाताला एक काळा धोंडा लागला. सावलीतला असूनही ऊन होता. तिने तो घरी आणून कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशीही तो ऊन, आठव्या दिवशीही ऊन. मांजराने चुलीजवळची जागा सोडली आणि ते कोनाड्यात निजायला लागलं.

"कशानं रे तू ऊन?" तिने धोंड्याला विचारलं.

तेव्हा तिने डोंगरावरून आणखी एक आणला, मग आणखी एक, आणि स्वतःच शोध घ्यायला बसली.

दोन धोंडे लांब ठेवले तर नुसते कोमट राहत. जवळ ठेवले तर दोघेही जास्त तापत, एकमेकांना पाहून चेव आल्यासारखे. मध्ये ओल्या मातीची भिंत घातली की निवत. पाण्याने भरलेला रांजण मध्ये ठेवला तरी निवत. चार एकत्र ठेवले तेव्हा भात शिजला. सात ठेवले तेव्हा लाकडाचं एक ढलपंही न घालता अख्खी भट्टी भाजून निघाली.

मग आठवा ठेवून बघायचा मोह तिला आवरला नाही. ठेवला मात्र, आतली मडकी मेणासारखी वाकली. तिने काठीने आठवा धोंडा बाहेर ढकलला तेव्हा काठी पेटली आणि तिच्या दोन्ही भुवया जळाल्या.

"कळलं. एका जागी सातच," ती म्हणाली आणि चक्क हसली. खोटं कशाला सांगू, तिच्या जागी मी असतो तर पुन्हा एकाही धोंड्याला हात लावला नसता.

थोड्याच दिवसांत गावातल्या घराघरांत ऊनधोंडे आले. बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला. डोंगरावरची झाडं तोडायचं कारण उरलं नाही. एका सकाळी मुलगी नदी ओलांडून आली. तिच्या कडेवर तीन महिन्यांचं मूल होतं.

"आये, विस्तव दे," ती म्हणाली.

मागितलेला विस्तव नाकारायचा नाही, ही तर रीतच. आईने तिला धोंडे दिले, डोंगरावरची जागा दाखवली, आणि नियमही दिला. एका जागी सात, मध्ये ओली माती. पलीकडच्या गावातही भात बिनधुराचा शिजायला लागला.

आता एवढ्यावर दोन्ही गावांनी सुखाने जेवावं की नाही? पण सुख पचायलाही पोट लागतं. कुणाच्या मनात आधी पाल चुकचुकली ते आजही कुणी सांगत नाही. अलीकडच्या पाटलाला वाटलं, उद्या पलीकडच्यांनी आठ धोंडे एकत्र करून आपल्या गावात लोटले तर? नेमकं त्याच सुमारास हेच पलीकडच्या पाटलालाही वाटलं. अलीकडच्याने काठावर ओटा बांधून, गावाच्या बाजूने ओल्या मातीची भिंत घालून त्यावर सात धोंडे रचले आणि आठवा बाजूला ओल्या मातीच्या कोठीत ठेवला. कुणी नदी ओलांडून चाल करून आलं की आठवा ढकलायचा, असा बेत होता. पलीकडच्याने बरोबर समोरच तसाच ओटा बांधला.

"आमचे सातच आहेत. आम्ही नियमात आहोत," दोघेही म्हणत. समोरचे किती, हे कुणी विचारलं नाही. शेजाऱ्याच्या चुलीतले निखारे मोजायचे कसे?

नदी भरून वाहत होती तोवर काही झालं नाही. मग उन्हाळा आला. पाणी उतरलं आणि मधलं वाळूचं बेट उघडं पडलं. दरवर्षीप्रमाणे तिथे एक टिटवी आली. तिने बेटाच्या टोकाला, पाण्याजवळच्या गोट्यांमध्ये खळगा करून चार अंडी घातली.

दहाव्या-बाराव्या दिवशी ती कुंभारणीच्या अंगणात येऊन उतरली.

"बाई, तू कोडी सोडवतेस म्हणे. माझं एक सोडव. मी अंड्यांना ऊब देते, की अंडी मला?"

कुंभारीण चाक सोडून उठली. गुडघाभर पाण्यातून ती बेटावर गेली. अंडी हाताला चांगलीच चटकली. तिने एक फोडलं. आत उकडलेलं अंडं होतं. आसपास ना चूल, ना जाळ.

टिटवी ओरडली नाही. टिटवी ओरडत नाही, असं त्या नदीने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. कुंभारणीला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातही तिचं कुतूहल जागं होतं. तिने घरी जाऊन ओल्या मातीच्या गोळ्या वळल्या. काही ओट्याच्या गावाकडच्या बाजूला ठेवल्या, काही नदीकडच्या बाजूला, काही बेटावर.

संध्याकाळी ती बघायला गेली. गावाकडच्या गोळ्या अजून ओल्या होत्या. नदीकडच्या तडकल्या होत्या. बेटावरच्या तर पक्क्या भाजून लाल झाल्या होत्या आणि नखाने वाजवल्या तर खणखणत होत्या.

ती तिथेच वाळूत बसली. तिने अलीकडच्या ओट्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या. मधलं पाणी आटलं होतं आणि धोंड्यांनी एकमेकांना पाहिलं होतं.

"आपण सात मोजले," ती टिटवीला म्हणाली, "धोंड्यांनी चौदा."

उकडलेलं दुसरं अंडं घेऊन ती पाटलाकडे गेली आणि तिने सगळं सांगितलं. पाटील मिशीत हसला.

"अहो कुंभारीणबाई, टिटवीचं काय ऐकता? आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारा पक्षी तो!"

"पाटील, पाणी रोज उतरतंय. धोंडे मागे घ्या."

"घेतो की. आधी त्यांना घेऊ दे."

ती नदी ओलांडून पलीकडे गेली. पाणी पायांना कोमट लागत होतं. पलीकडच्या पाटलाने अंडं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "घेतो की. आधी त्यांना घेऊ दे." एका अक्षराचाही फरक नव्हता.

मुलीचं घर त्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. दारात झोळी बांधलेली होती आणि झोळीत मूल निजलं होतं. कुंभारणीने झोळीला हात लावला. कापड नदीकडच्या बाजूने तापलं होतं.

परतताना बेटावर टिटवी भेटली. तिने त्याच खळग्यात पुन्हा अंडी घालायला घेतली होती.

"वेडी का तू? इथंच?"

"मला दुसरी जागा ठाऊक नाही, बाई," टिटवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बेटावरच्या गोळ्या दुपारीच भाजून निघाल्या. तिसऱ्या दिवशी न्याहारीलाच. टिटवी पोटाची पिसं भिजवून आणी आणि अंड्यांवर बसून ती निववी. दिवसभर तिच्या फेऱ्या चालत.

चौथ्या दिवशी सकाळी कुंभारणीने दोन ओल्या गोळ्या घेतल्या. एक आपल्या पाटलाच्या हाती दिली, दुसरी मुलीकडून पलीकडच्या पाटलाला देवविली. "माझं ऐकू नका, टिटवीचंही ऐकू नका. तुमच्या हाताने ही ओट्यापुढे ठेवा आणि बघत बसा."

बघायला कुणाला आवडत नाही? दोन्ही काठांवर गर्दी जमली. पाटलाने गोळी ठेवली, चंची काढली, पान लावलं. पान तोंडात जाईपर्यंत गोळी तडकली होती. चघळून होईपर्यंत लाल झाली होती. समोरच्या काठावरही तेच झालं. नदीतून वाफ निघायला लागली आणि पाटलाला आपली मिशी करपल्याचा वास आला.

"काढा! धोंडे काढा!" तो ओरडला. मग त्याने समोर पाहिलं आणि थांबला. "पण आधी त्यांना..."

"आधी कुणीच नाही," कुंभारीण म्हणाली. "टिटवीला वरून दोन्ही काठ दिसतात. तिच्या एका हाकेला इकडचा एक धोंडा निघेल, तिकडचा एक."

दोन्ही पाटलांनी मान डोलावली. टिटवी वर गेली आणि तिने हाक दिली.

कुणीच हललं नाही. दोन्हीकडचे गडी सांडशी धरून समोरच्याच्या हाताकडे बघत राहिले. धोंडे लाल व्हायला लागले होते.

तेव्हा कुंभारणीने गड्याच्या हातातली सांडशी हिसकावून घेतली. पलीकडे तिच्या मुलीने नेमकं तेच केलं. दुसरी हाक आली. आईने एक धोंडा उचलून ओल्या मातीत टाकला, लेकीने एक टाकला. तिसऱ्या हाकेला दुसरा, चौथ्या हाकेला तिसरा. पुढच्या हाकांना गड्यांनाही धीर आला आणि शेवटचे धोंडे दोन्ही पाटलांनी स्वतः काढले. त्यांचे हात पोळले. बरं झालं, असं मला वाटतं.

धोंडे परत घरोघरच्या चुलींत गेले. काठावरचे ओटे पाडले. बेटाच्या मधली वाळू वितळून तिथे एक काळी, गुळगुळीत ताटली झाली होती. तिच्यावर आजतागायत गवत उगवलेलं नाही.

गावांची एक रीत तेव्हापासून बदलली. विस्तव मागायला आलेल्याला अजूनही कुणी नाही म्हणत नाही. पण रोज सकाळी अलीकडचा एक माणूस पलीकडे जाऊन तिथले धोंडे मोजतो आणि पलीकडचा अलीकडे येऊन इथले. मग चौघांत बसून गूळपाणी पितात आणि दोन्ही आकडे मोठ्याने सांगतात. त्यात हलकेपणा आहे, असं आता कुणी म्हणत नाही.

टिटवीच्या अंड्यांचं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगतो. चारांतली तीन फुटली आणि तीन पिल्लं तुरुतुरु पळत पाण्याकडे गेली. चौथ्यावर ती आणखी नऊ दिवस बसून राहिली. दोन्ही पाटील रोज काठावर येऊन बघायचे. दहाव्या दिवशी ती उठली तेव्हा दोघांनीही माना खाली घातल्या.

तात्पर्य: ज्या शक्तीला आपला आणि परका कळत नाही, ती एकमेकांना भिववायला ठेवू नये, एकमेकांच्या डोळ्यांसमोर मिळून सांभाळावी.