खांबावरची लोकर

डोंगरांवर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या, त्या जुन्या काळची ही गोष्ट.

एका थंड राज्याच्या चौकात लोखंडी खांब होता. राजाविरुद्ध कुणी बोललं, की त्याला दिवसभर त्या खांबाला बांधत. गारठलेलं लोखंड पाठीला झोंबे. लोक मान खाली घालून तिथून जात.

एका सकाळी त्या खांबावर गुडघाभर उंचीचं लोकरीचं विणकाम चढलेलं दिसलं, लाल आणि पिवळं. शिपायांनी ते फाडलं. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा तिथेच होतं.

कोतवालाने एका म्हातारीला चौकात बोलावलं. गावातल्या साऱ्या बाया तिच्याकडेच विणायला शिकल्या होत्या. नुसत्या बोटांनी चाचपून ती सांगे, वीण कुणाच्या हातची.

"आजीबाई, नाव सांगा आणि घरी जा," कोतवाल म्हणाला.

म्हातारीने वीण चाचपली. तिसऱ्या ओळीतच तिला हात कळला. तिची सर्वांत धाकटी शिष्या प्रत्येक टाका जरा जास्तच ओढायची. ती पोर समोर गर्दीत उभी होती, ओठ घट्ट मिटून.

वीस वर्षांपूर्वी याच चौकात म्हातारीने असाच एक हात ओळखला होता. बंडखोरांच्या झोपडीत एक कानटोपी सापडली होती. साऱ्यांनी तिच्या कसबाचं कौतुक केलं, आणि ती फुलून गेली. टोपी विणणारीला मात्र भर थंडीत या खांबाला बांधलं. त्यानंतर त्या विणणारीच्या, गारठून वाकड्या झालेल्या बोटांनी सुया कधी धरल्या नाहीत.

"काय आजीबाई, डोळे गेले वाटतं?"

"डोळे गेलेत. बोटं आहेत अजून."

तिची बोटं विणकामाच्या टोकाशी थांबली. शेवटचा टाका उघडा होता. अर्धं राहिलेलं काम असंच उघडं ठेवायचं, म्हणजे पुढची बाई ते उचलते. ही रीत तिनेच शिकवली होती.

म्हातारी खाली बसली. कमरेच्या सुया काढून तिने तो टाका उचलला.

"हे काय चालवलंय?"

"हात ओळखायचाय ना? बघा, विणून दाखवते."

"म्हणजे हे काम तुमचं?"

"आता माझंही."

"बांधा हिला!" कोतवाल ओरडला.

शिष्या पुढे झाली. "आजी, सरका जरा. दुसऱ्या बाजूने मी घेते." मग तिसरी आली, मग दहावी. थरावर थर चढले. शिपायांनी दोर आणला, पण जाड झालेल्या खांबाभोवती तो हातभर कमी पडला.

"लांब दोर आणा!"

एका शिपायाने बायांकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावरची टोपीही त्यांच्यातल्याच एकीने विणलेली होती. "आणतो. पण कुणाकुणाला बांधायचं, साहेब?"

कोतवाल पाठ फिरवून निघून गेला. तो लांब दोर चौकात कधी आलाच नाही.

सर्वांत शेवटी ती, वीस वर्षांपूर्वी कानटोपी विणणारी, आली. म्हातारीला मान वर करवेना.

"मला विणता येणार नाही," आलेली बाई म्हणाली. "गुंडा दे इकडे. मी धरते."

म्हातारीने लोकरीचा गुंडा तिच्या वाकड्या बोटांत ठेवला.

बोध: ज्या हातांनी अन्यायाला मदत केली, त्याच हातांनी तो थांबवावा लागतो; आणि उद्या नाही, आजच.