उत्तर घाटाची चौथी पायरी

तंजावरच्या पूर्वेला, कावेरीच्या एका फाट्यावर, मराठी घरांचं एक जुनं गाव आहे. गावाच्या मधोमध तळं. तळ्याला समोरासमोर दोन घाट, सात-सात पायऱ्यांचे. पाहुणे दक्षिण घाट सुखानं चढतात. उत्तर घाटावर मात्र चौथ्या पायरीला ठेचाळतात, कारण ती बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच आहे. पाहुणा अंगठा चोळत बसला, की घाटावर बसणारे म्हातारे मुतोजीअण्णा त्याला आपल्या शेजारी बसवून घेतात आणि तिची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी इथं तिमाजीपंत नावाचे वीणावादक होते. त्यांना बहात्तर मेळ मुखोद्गत होते म्हणे. मेळ म्हणजे सात स्वरांची मूळ घरं; बाकीचे राग त्यांचीच लेकरं. प्रत्येक मेळात सा आणि प जागचे हलत नाहीत. चौथा स्वर मध्यम, तो दोन तऱ्हांचा, साधा आणि चढा. साधा धरला की छत्तीस मेळ होतात, चढा धरला की दुसरे छत्तीस. पंतांना मुलगा नव्हता, मुली दोन. थोरली सुंदरा दक्षिण काठावर नांदत होती, धाकटी अंबू उत्तर काठावर. पंतांनी साध्या मध्यमाचं घराणं थोरलीला देऊ केलं, चढ्याचं धाकटीला. थोरलीकडे राहून तिचे छत्तीस पुरे शिकवले. मग अंबूकडे आले, तोवर त्यांची दृष्टी गेली होती.

पहाटे अंबू त्यांना हाताला धरून पाण्यात उतरवी. वर येताना मात्र ते हात झिडकारत आणि पायरीगणिक एकेक स्वर गात चढत. हाच अंबूचा पाठ. दक्षिण घाटावर त्यांचा पाय कधी चुकला नव्हता. इथं ते रोज पडू लागले. गुडघे फुटले. मग ते मुकाट्यानं चढू लागले. पडणं थांबलं आणि शिकवणंही. "माझा काळ सरला, अंबू," एवढंच म्हणत.

सुंदरा न्यायला आली. "अप्पांचे हाल बघवत नाहीत गं. उद्या घेऊन जाते."

"अक्का, माझा एकही मेळ पुरा झालेला नाही. ते गेले तर छत्तीस घरं ओस पडतील."

"आणि ते पडून गेले तर?"

 अंबू घाटावर जाऊन बसली आणि वडिलांचं पडणं आठवू लागली. पडत ते चौथ्याच पायरीला. तिनं स्वतः गात चढून पाहिलं. चढा मध्यम लागला तसा पायही आपसूक जास्त उचलला गेला, आणि पाय टेकताना त्या उंचीला दगड भेटला नाही. अप्पा चुकत नव्हते.

तिनं त्याच दुपारी पाथरवटाला बोलावलं. तो म्हणाला, "चौथी चढवली तर वरच्या सगळ्याच चढवाव्या लागतील, बाई. नाहीतर पाचवी अगदी बुटकी होईल."

"होऊ दे. पाचवीला हात लावायचा नाही. पंचम हलत नसतो."

"लोक शिव्या देतील मला."

"मला द्या म्हणावं."

दुसऱ्या पहाटे अंबू म्हणाली, "अप्पा, आज एकदा गा ना." हो-नाही करत पंतांनी सा लावला. सुंदरा वर श्वास रोखून उभी होती. चौथ्या स्वराला म्हाताऱ्याचा पाय उंच गेला आणि दगडावर नीट टेकला. पंत तिथंच थबकले. पायानं पायरी चाचपली.

"ही कुणी जुळवली गं?"

अंबूला रडू आवरेना. ते हसले आणि पुढचा पंचम असा लावला, की पलीकडच्या काठावरची माणसं घागरी टेकवून उभी राहिली, असं सांगतात.

सुंदरा आनंदानं खाली धावली, आपले स्वर म्हणत वर निघाली आणि चौथ्या पायरीला सपशेल आपटली.

"अक्का," अंबू म्हणाली, "तुझा मध्यम इथं चालायचा नाही."

पंत उत्तर काठावरच राहिले आणि अंबूचे छत्तीस पुरे झाले. गावकऱ्यांनी पुष्कळ कुरकुर केली. "तुमच्या अप्पांच्या मध्यमानं माझा अंगठा फोडला," असं अंबूला ऐकवलं. पण पायरी कुणी उतरवली नाही. हळूहळू सगळे गात चढू लागले.

दक्षिण काठाची मुलगी उत्तरेला सून होऊन आली, की पहिल्या सकाळी तिला घागर घेऊन हाच घाट चढायला लावतात. ठेचाळली तर सासू हसून तिच्या हातावर गूळ ठेवते.

एवढं सांगून अण्णा पाहुण्याला पुन्हा खाली पाठवतात. आजही तो बिचकत वर येऊ लागला, की घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांतून हाक येते, "दादा, पायाकडे बघू नका. मध्यम चढवा!"