चाकावरचा हार

प्लास्टिक दळायचं चाळीस लाखांचं यंत्र आलं, तेव्हा नगराध्यक्ष तात्यासाहेबांनी कचरा वेचणाऱ्या बायकांना घरी बसवलं. त्यांतली ध्रुपदाबाई मग झेंडूचे हार विकू लागली.

यंदा नेमके खंडेनवमीलाच जिल्ह्याचे तपासणी अधिकारी आले. "जरा चालू करून दाखवा," ते म्हणाले.

"आज कसं चालवणार साहेब? खंडेनवमीला अवजारांना विश्रांती. आज फक्त पूजा," तात्यासाहेब हात जोडून म्हणाले. "एरवी वर्षभर हे एक दिवस थांबत नाही."

साहेबांना पटलं. ते निघणार, एवढ्यात पूजेचा हार घेऊन आलेली ध्रुपदाबाई यंत्रापाशी थबकली.

"तात्यासाहेब," ती अदबीने म्हणाली, "गेल्या खंडेनवमीला चाकापासून या खांबापर्यंत मीच हार बांधला होता. तो अजून तसाच आहे, गाठसुद्धा सुटलेली नाही. नवा त्याच्यावरच बांधू, की जुना सोडू?"

साहेब माघारी आले. वाळून कोळ झालेल्या झेंडूला त्यांनी बोट लावून पाहिलं.

"राहू द्या, त्याची विश्रांती मोडू नका," ते तात्यासाहेबांना म्हणाले. "फक्त यंत्राची खंडेनवमी संपेपर्यंत घरी बसवलेल्या कचरा वेचणाऱ्या बायकांना पुन्हा कामावर घ्या."